इस्लापूरचा टर्बो आणि काळा पाइप

मंडळी, या वीकेंडला सिनेमा नाही, पुस्तक नाही. आज बोलायचंय लोखंडाबद्दल.

माझा आत्येभाऊ इस्लापूरचा. किनवट तालुका, जिल्हा नांदेड. सहस्रकुंडचा धबधबा ऐकला असेल, त्याच्या जवळचं गाव. दादाकडे ट्रॅक्टरचं एक जुनं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. चाकं-बिकं काही नाहीत, नुसतं लोखंडी सांगाड्यावर बसवलेलं. त्यावर पट्टा टाकून तो मळणी यंत्र चालवतो आणि हंगामात गावाचं सोयाबीन काढून देतो. घरात रोख पैसा येतो तो त्याच दोन-तीन आठवड्यांत.

लोड आला की इंजिन काळाकुट्ट धूर ओकायचं. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, पण ते जाळायला हवा पुरत नाही. म्हणून दादाने भंगारातून एक टर्बो आणला. डिझेल पंपाचा स्क्रू न पिळता नुसती हवा वाढवली, तर धूर कमी होतो आणि इंजिन उलट थंड चालतं. आयडिया एकदम बरोबर. फक्त इंजिन आणि टर्बो यांना जोडणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड घरीच बनवावा लागणार होता.

"तू इंजिनिअर हाईस ना? मग सांग, कशाचा करू?" (मी सॉफ्टवेअरवाला आहे, हे इस्लापूरला अजून मान्य नाही :))

प्रश्न साधा नव्हता. फुल लोडवर डिझेलचा धूर सहाशे-सातशे डिग्रीपर्यंत जातो. मॅनिफोल्ड तडकला तर टर्बोला जोर मिळत नाही, आणि तडीतून निघणारी गरम हवा थेट भुशावर. शिवाय आतून पोपडा सुटला, तर तो जाऊन आदळतो मिनिटाला लाखभर फेऱ्या घेणाऱ्या टर्बाइनवर.

मग आम्ही ओसरीवर बसून एकेक माल काढला.

बीड, म्हणजे कास्ट आयर्न. कंपन्या बहुतेक हेच वापरतात. उष्णता सोसतं, फुगतं कमी. पण त्याला लाकडी पॅटर्न हवा, फाउंड्री हवी. कोल्हापूरला शिरोली किंवा गोकुळ शिरगावात राहत असतो तर विचार केला असता. एका नगासाठी इस्लापूरहून कोण जाणार?

पाण्याचा जीआय पाइप. घरात पडलेला होता, फुकट! पण त्यावरचं जस्त 420 डिग्रीला वितळतं, आणि वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप. बाद.

स्टेनलेस. गेट-रेलिंगवाल्यांकडे मिळतो तो बहुधा 202 ग्रेडचा, निकेल कमी आणि पत्रा पातळ. बाद. 304 चांगलं, पण 450 ते 850 डिग्रीच्या पट्ट्यात बराच वेळ राहिलं की त्यातलं क्रोमियम कार्बनशी गट्टी करतं आणि कणांच्या कडा कमजोर होतात. आपला मॅनिफोल्ड नेमका त्याच पट्ट्यात राहणार. 321 मध्ये टायटॅनियम घालून याचा बंदोबस्त केलेला असतो. कागदावर विजेता तोच.

पण स्टेनलेस फुगतं फार. तीस सेंटिमीटरचा तुकडा सहाशे डिग्रीने तापला, तर साधं लोखंड साधारण अडीच मिलिमीटर वाढतं आणि स्टेनलेस सव्वातीन. इंजिनचं हेड मात्र पाण्याने थंड, ते जेमतेम पाव मिलिमीटर हलतं. या ओढाताणीतच वेल्ड तडकतात. वर त्याला आर्गॉन वेल्डिंग पाहिजे, आणि ते शंभरएक किलोमीटरवर, नांदेडला.

दादा शांतपणे म्हणाला, "अरे, हंगामात रात्री तडकलं तर नांदेडला कुठं पळू? मशीन थांबली की लोक दुसऱ्याची बोलावतेत."

माझ्या मते त्या वाक्यातच उत्तर होतं. आमच्या हापिसात नवी टेक्नॉलॉजी निवडताना सगळे स्पीडचे आकडे बघतात. रात्री तीनला सर्व्हर पडल्यावर तो उठवणार कोण, हे फार कमी जण विचारतात.

ठरलं! दीड इंची काळा पाइप, सी क्लास. जाडी चार मिलिमीटर, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा. वळणांना जाड बेंड आणि बारा मिलिमीटर पट्टीचे फ्लँज. फ्लँज एकसंध ठेवला नाही, तिन्ही सिलिंडरचे तीन वेगळे केले आणि बोल्टची भोकं जराशी मोठी ठेवली, म्हणजे पाइपला सरकायला जागा. टर्बोचं वजन पाइपवर लटकू नये म्हणून इंजिनच्या ब्लॉकवरूनच एक टेकू दिला. साधं लोखंड या उष्णतेत हळूहळू गंजून झडतं, म्हणून दर हंगामाआधी मॅनिफोल्ड उतरवून, ठोकून, आतून साफ करायचा आणि पातळ झाला की बदलायचा.

त्या हंगामात एक वेल्ड तडकलाच. रात्री नऊला शिट्टीसारखा आवाज आला, दादाने मशीन थांबवली. थंड होऊ दिलं, ग्राइंडरने तडा उघडला, गावातल्याच वेल्डरने रॉड मारला. पहाटेच्या आत मळणी पुन्हा चालू. 321 कदाचित तडकलाच नसता. पण तडकला असता तर ते दोन दिवस दादाचे गेले असते.

असो. पुढच्या वेळी तुमच्या टीममध्ये "बेस्ट काय?" अशी चर्चा रंगली, की हळूच विचारा: मोडलं तर दुरुस्त कोण करणार, आणि तो राहतो कुठे?