गाणे ज्याचे, वाट त्याची

सुरतेच्या पांडेसऱ्यात कापड रंगवण्या-छापण्याच्या मिलमध्ये राबणारी कितीतरी कुटुंबे धुळे, नंदुरबार, जळगावकडून सुरत-भुसावळ लाइनने आलेली आहेत. खानदेशातून कानबाई देवीची नि लग्नातली अहिराणी गाणीही त्यांच्याबरोबर आली. आधी कॅसेट, मग सीडी, मग नखाएवढे मेमरी कार्ड. साधने बदलली, पण प्रत्येक वेळी प्रश्न एकच राहिला: जुन्यातले गाणे नव्यात नेता येईल का? माझ्या मते, गाणी वाजवणाऱ्या यंत्राची याबाबतची खरी परीक्षा लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाला जोडल्यावर होते. तिथे सहसा कंपनीचा खास प्रोग्राम नसतो. यंत्र स्वतःहून जेवढे खुले, तेवढेच ते उघडते.

साधा एमपी-थ्री प्लेयर यूएसबी केबलने जोडला की पेन ड्राइव्हसारखा दिसतो. फोल्डर उघडा, गाणे टाका, काढा. आयपॉडचे तसे नव्हते. गाणी लपवलेल्या फोल्डरमध्ये, बदललेल्या नावांनी राहत आणि यंत्र स्वतंत्र यादी वाचून ती वाजवी. नुसती फाइल टाकून गाणे वाजत नसे. 2007च्या नव्या आयपॉडमध्ये अ‍ॅपलने त्या यादीला पडताळणीचा सांकेतिक आकडा जोडला, तेव्हा लिनक्सवरून भरलेली गाणी यंत्र मानेना. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तो आकडा कसा बनतो हे लवकरच शोधून काढले. पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत आपले गाणे ठेवायला कोडे का सोडवावे लागावे?

यावर कोणी म्हणेल, संगणकाला थेट हात घालू दिला तर यंत्रातली माहिती बिघडेल. भीती खोटी नाही. संगणक आणि फोन एकाच वेळी एकाच साठ्यावर लिहू लागले तर घोळ होतो. म्हणूनच अँड्रॉइडने 2011च्या सुमारास एमटीपी ही पद्धत घेतली; तीत संगणक साठ्याला थेट हात न लावता फोनकडे फाइल मागतो. पण एमटीपीचे नियम जाहीर आहेत, आणि लिबएमटीपी या मुक्त सॉफ्टवेअरच्या आधाराने लिनक्सला ती वापरता येते. म्हणजे सुरक्षितता आणि खुलेपणा एकत्र नांदतात. कुलूप ही तांत्रिक गरज नव्हे, धंद्याची निवड आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आता गाणी इंटरनेटवर मिळतात, केबल हवी कशाला? चित्रपटगीतांपुरते ते खरे आहे. पण गावाकडच्या आजीने म्हटलेली, घरच्याच फोनवर टिपलेली कानबाईची ओवी कुठल्या कंपनीच्या यादीत असणार? ती घरातल्या फाइलीतच जगते, आणि तो फोन बंद पडण्याआधी दुसरीकडे गेली तरच पुढच्या पिढीला मिळते. म्हणून यंत्र घेताना आवाजाइतकीच ही चौकशी करावी, की कोणत्याही संगणकाला जोडून फाइल बाहेर काढता येते का. घरची गाणी एमपी-थ्रीसारख्या सर्वत्र चालणाऱ्या रूपात, निदान दोन ठिकाणी ठेवावीत. ज्यांची भाषा मोठ्या बाजाराच्या हिशेबात नाही, त्यांना तर याची गरज सर्वांत जास्त आहे.