गणवेशातल्या मुली : बीड ते अंबाजोगाई

सकाळी सात वाजता बीडच्या बसस्थानकावर उभे राहिले की शहरातल्या शाळा फलक न वाचता ओळखता येतात. आकाशी शर्ट आणि निळी पँट, पांढरी कमीज आणि लाल ओढणी, चौकडीचा फ्रॉक आणि दोन वेण्यांना लाल रिबिनी. आमच्या उर्दू शाळांच्या मुली काळ्या बुरख्यात असतात, पण बुरख्याखाली दोन बोटे पांढरी सलवार दिसते आणि पायात काळे बूट असतात. तेवढ्यावरून कळते की ही मुलगी बाजाराला नाही, शाळेला निघाली आहे.

जानेवारीचे दिवस होते. एका प्रशिक्षणासाठी आम्हाला अंबाजोगाईला जायचे होते. एस.टी.ची खिडकी मिळाली. पालीचा घाट चढून गाडी मांजरसुंब्याला थांबली आणि मुलींचा लोंढा आत शिरला. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत शाळेचा पास मोफत मिळतो. काही तालुक्यांत त्यांच्यासाठी मानव विकासच्या निळ्या बसगाड्याही धावतात. हा पास आणि गणवेश एकत्र आले म्हणूनच शेतावरच्या वस्तीवरची मुलगी आठवीच्या पुढे जाऊ शकली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही शिकवायला लागलो, तेव्हा याच रस्त्यावर सकाळच्या गाडीत एवढ्या मुली दिसत नव्हत्या.

शिक्षकाची नजर वाईट असते, ती गणवेशातली खोडी आधी पाहते. एकीने ओढणीच्या घड्या इतक्या बारीक घालून खांद्यावर पिना लावल्या होत्या की इस्त्रीवाल्यालाही जमणार नाही. दुसरीने सलवारीच्या जागी चुडीदार शिवून घेतला होता. तिसरीच्या हिजाबाला मोत्याची पिन होती, चौथीने मनगटावर मेंदीचे एकच बारीक फूल काढले होते, बाही ओढली की झाकले जाईल असे. मागे उभ्या असलेल्या मुलांनी शिंप्याकडून पँटचा बॉटम इतका कमी करून घेतला होता की पाय कसा आत जातो याचे नवल वाटावे. नियम मोडायचा नाही, पण नियमाच्या आत राहून आपण वेगळे दिसायचे, ही या वयाची कला आहे. आम्हीही आमच्या काळी वेणीला काळ्याऐवजी गर्द निळी रिबीन बांधत होतो.

शेजारच्या बाईंनी आमच्या कानाशी म्हटले, “बघा हो, शाळेला चालल्यात की लग्नाला? असल्या पोरी वेळेत उजवलेल्या बऱ्या.” आम्ही गप्प राहिलो. गाडी नेकनूरच्या दिशेने निघाली होती. नेक आणि नूर, किती सुंदर नाव आहे गावाचे! पण ते वाक्य मात्र डोक्यात रुतून बसले, कारण ते आम्ही वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या भाषेत शंभर वेळा ऐकले आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या नववीच्या वर्गात एका मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर एक चित्र सापडले. मोठी चौकोनी कॉलर, पुढे गाठ मारलेला रुमाल, घड्यांचा स्कर्ट. विचारले तर म्हणाली, “आपा, जपान का युनिफॉर्म है. कार्टून में देखी.” मग धीर करून पुढे म्हणाली, “उनों अठरा साल के होने तक येच पहनते क्या?” मागच्या बाकावर खुसखुस झाली. त्या कार्टूनमध्ये मुले-मुली एकमेकांना चिठ्ठ्या देतात, हे त्या सगळ्यांना ठाऊक होते. वही मिटवून रागावणे सोपे होते. आम्ही म्हटले, शोधून सांगतो.

शोधले ते असे. जपानी मुलांचा गळाबंद काळा कोट, गाकुरान, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्करी पोशाखावरून आला. मुलींची ती मोठी कॉलर आरमारी खलाशांच्या पोशाखावरून आली. फुकुओका शहरातल्या एका ख्रिस्ती मुलींच्या शाळेने 1921 साली तो गणवेश स्वीकारला आणि पुढे तो देशभर पसरला. ज्या शाळांत गणवेशाची सक्ती नाही, तिथल्या काही मुली गणवेशासारखे दिसणारे कपडे दुकानातून विकत घेऊन घालतात, कारण हे वय पुन्हा येणार नाही हे त्यांना कळते. 1990 च्या दशकात मुली कमरेशी स्कर्ट दुमडून आखूड करायच्या आणि पायांत सैल मोजे घालायच्या. ते घसरू नयेत म्हणून पायाला लावायचा खास डिंक मिळायचा! वर्गात हे सांगितल्यावर मुली इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

प्रेमाचीही तिथे ठरलेली रीत आहे. मुलगा किंवा मुलगी समोर उभे राहून स्पष्ट शब्दांत मनातले सांगते, त्याला कोकुहाकु म्हणतात. होकार आला तरच पुढची ओळख. 14 फेब्रुवारीला मुली चॉकलेट देतात आणि मुलांनी बरोबर एका महिन्याने, 14 मार्चला, परतफेड करायची. शाळेच्या निरोपाच्या दिवशी मुलगी आवडत्या मुलाच्या कोटाचे वरून दुसरे बटण मागते, कारण ते हृदयाच्या जवळ असते. बटण मिळते, मार्च संपतो, दोघे वेगवेगळ्या गावी शिकायला जातात, आणि बहुतेक गोष्टी त्या बटणापाशीच संपतात.

गैरसमज नको. ही रीत इथे आणावी असे आम्ही म्हणत नाही. आपल्या दीनने स्त्री-पुरुषांच्या भेटीला मर्यादा घातली आहे आणि ती आम्ही मानतो, मुलांनाही शिकवतो. जपानमध्ये सगळे गोड आहे असेही नाही. ओसाका प्रांतातल्या एका सरकारी शाळेने जन्मतः तपकिरी केस असलेल्या मुलीला ते काळे रंगवायला लावले. तिने शाळेत येणे थांबवले, तेव्हा वर्गातून तिचे बाक हलवले आणि यादीतून नाव काढले. 2021 मध्ये न्यायालयाने केसांचा नियम कायदेशीर ठरवला, पण बाक काढणे चूक ठरवून तिला भरपाई द्यायला लावली. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. जपानमध्ये मुलींना 16 व्या वर्षी लग्नाची मुभा होती. 1 एप्रिल 2022 पासून ती 18 वर आणली गेली.

एका मुलीचे बाक हलवले म्हणून तिकडे खटला चालला. आपल्या जिल्ह्यात किती बाके रिकामी होतात आणि त्यांची सुनावणी कुठे होते?

हा प्रश्न मनात असतानाच केजच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या दिसू लागल्या. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यावर मुकादमाकडून उचल मिळते. मुलीला मागे एकटी कुणाकडे ठेवायची या धास्तीने आणि कोयता पुरा व्हावा म्हणूनही लग्ने लवकर उरकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 43 टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. आपल्या देशात मुलीच्या लग्नाचे वय 1978 सालीच 18 झाले. कागदावर आपण जपानच्या चव्वेचाळीस वर्षे पुढे आहोत.

पण प्रत्येक रिकाम्या बाकामागे कोयता नसतो. काहींच्या मागे फक्त भीती असते.

आमच्या दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. उर्दूचे शुद्धलेखन असे की आम्ही तिची वही दुसऱ्या वर्गात दाखवायचो. झेरॉक्सच्या दुकानाबाहेर ती वर्गातल्या एका मुलाशी बोलताना कुणा नातेवाइकाने पाहिले. बोलणे प्रात्यक्षिकाच्या वहीचे होते की आणखी कशाचे, हे तिला कुणी विचारलेच नाही. तीन आठवड्यांत निकाह झाला. डिसेंबरात तिची आई शाळेत आली. हातात पिशवी, पिशवीत गणवेशाचे दोन जोड, धुऊन इस्त्री केलेले, वर घडी घातलेली ओढणी. म्हणाली, “आपा, किसी गरीब लड़की कू दे देना.” आम्ही पिशवी घेतली आणि मुबारकबाद दिली. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो हे आम्हाला माहीत होते, 1098 हा क्रमांक तर शाळेच्या भिंतीवर आमच्याच अक्षरात लिहिला होता. निकाहची कुणकुण आधीच लागली होती. तरी आम्ही फोन केला नाही. “आपल्यातच आहे, कशाला बोभाटा?” एवढाच विचार केला.

फेब्रुवारीत निरोपाचा कार्यक्रम झाला. मुले शर्टावर एकमेकांच्या सह्या घेतात, आमच्याकडच्या मुली ओढणीच्या टोकावर मैत्रिणींची नावे लिहून घेतात. तिची ओढणी कोरीच राहिली. तो मुलगा परीक्षेला बसला, पास झाला, आज नोकरी करतो. त्याला त्या दिवशीबद्दल कुणी एक शब्दही विचारला नाही.

हे कोणत्या हयेत बसते? सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आहे, तिसाव्या आयतीत, आणि मग एकतिसाव्या आयतीत स्त्रियांना. आम्ही दुसरी आयत तेवढी मुलींना पाठ करून देतो. हजरत खन्सा बिन्ते खिजाम (रजि.) यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो रद्द ठरवला. कुमारिकेचीही परवानगी घेण्याची ताकीद आहे. तिचे मौन संमती मानले जाते हे खरे, पण ते लाजेचे मौन. मारच्या भीतीने किंवा आईच्या रडण्याने गप्प बसलेल्या पोरीचे मौन संमती कसे होईल? सूरह निसामध्ये अनाथांचा माल त्यांच्या हवाली करण्याआधी ते निकाहच्या वयाला पोहोचले का आणि त्यांना समज आली का, हे पारखायला सांगितले आहे. पैशांसाठी समज पाहायची आणि संपूर्ण संसार सोपवताना नाही?

2022 मध्ये कर्नाटकात हिजाबचा वाद पेटला, तेव्हा बीड शहरातही ‘आधी हिजाब, मग किताब’ अशा आशयाचा फलक लागला होता. गणवेशाच्या नावाखाली मुलीला दाराबाहेर उभे करणे अन्यायच आहे. पण एक विनंती आहे. हिजाबसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या आपण, किताब हातातून काढून घेतली जाते तेव्हाही तितकेच अस्वस्थ व्हावे. या गाडीतल्या मुलींनी दोन्ही सांभाळले होते. एकीने हिजाबवर मोत्याची पिन लावली होती आणि मांडीवर विज्ञानाची प्रश्नपेढी उघडली होती.

अंबाजोगाई आली. जुने लोक अजून मोमिनाबाद म्हणतात. निजामाच्या काळात इथे घोडदळाची छावणी होती. तेव्हा या गावातला गणवेश म्हणजे शिपायाचा. पुढे योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवले आणि त्यांचे नाव आज इथल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाला आहे. प्रशिक्षण संपल्यावर आम्ही त्या रस्त्याने चहा प्यायला गेलो. फाटकातून मुली बाहेर पडत होत्या, पांढरे ॲप्रन घातलेल्या. त्यांत एक हिजाबमधली होती, हातात वडापाव, मैत्रिणीशी कशावरून तरी जोरात हसत होती. हिचीही ओढणी कुणीतरी पिनांनी नीट बसवली असेल, कुणीतरी तिलाही ‘उजवून टाका’ म्हटले असेल. तिच्या घरच्यांनी ऐकले नाही, एवढाच फरक.

मुलीच्या दप्तरात चिठ्ठी सापडली किंवा मोबाइलवर नाव दिसले, तर आई-वडिलांनो, रागवा, समजवा, फोन काढून घ्या, आम्हाला बोलवा. मुलगा असेल तर त्यालाही तेवढेच बसवून विचारा. पण शाळेतून काढू नका. या वयातली ओढ बहुतेक वेळा दहावीच्या निकालापर्यंतही टिकत नाही, पण घाईने लावलेला निकाह आयुष्यभर टिकवावा लागतो.

तो गणवेश आम्ही त्याच वर्षी नववीतल्या एका मुलीला दिला. ती बारावी झाली. आणि जिचा तो होता, ती गेल्या जूनमध्ये आपल्या मुलीला पहिलीत घालायला आमच्याकडे आली. प्रवेशाचे कागद भरून झाले, मुलगी बाहेर पळाली, तरी ती उठेना. मग हळूच म्हणाली, “आपा, 17 नंबर का फॉर्म अब भी भरते आता क्या?” भरता येतो. तिने भरला. या मार्चला ती दहावीला बसते आहे. अक्षर अजून तसेच आहे.

त्या डिसेंबरातल्या आमच्या मुबारकबादबद्दल अल्लाह आम्हाला माफ करो, आणि पुढच्या वेळी फोन उचलण्याची हिंमत देवो. आमीन.