टेंभुर्णीच्या मुठीची काठी

कारंजा (लाड), जि. वाशीम

चि. सोनू,

रविवारी फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. पूल खेळायला कस्टम क्यू घ्यायची तर कोणती घ्यावी, म्हणजे हातातही बसेल आणि उद्या विकली तर पैसेही उठतील. आणि माळ्यावर धोतरात गुंडाळलेली माझी काठी विकली तर काय येईल. पहिल्याचं उत्तर फोनवरही देता आलं असतं. दुसरा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, म्हणून उठून लिहायला बसलो. हे पत्र आईकडून वाचून घेऊ नकोस. अडखळत वाच, पण स्वतः वाच.

तुझे पणजोबा, म्हणजे माझे वडील, इथले सुतार. तिफणी, वखरं, बैलगाड्या, दाराच्या चौकटी, हेच त्यांचं काम. काष्ठासंघी मंदिरातलं लाकडी कोरीवकाम दाखवायला ते मला मुद्दाम न्यायचे आणि सांधा कुठे आहे ते ओळखायला लावायचे. मला काही ती विद्या आली नाही. मी मुंबईला गेलो आणि फोर्टातल्या एका क्लबात बिलियर्ड रूममध्ये लागलो. कापडावर ब्रश मारायचा, इस्त्री फिरवायची, गुण पुकारायचे, मेंबरांच्या स्टिकना चामड्याच्या टिपा बसवायच्या. पुढे मार्कर झालो. त्या खोलीत सगळ्यांच्या तोंडी विल्सन जोन्स यांचं नाव. पुण्यात जन्मलेला माणूस, 1958 साली कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला आणि 1964 साली न्यूझीलंडला पुन्हा झाला. आणि तुझ्या अमेरिकेतल्या मित्रांना हेही सांग, की स्नूकर हा खेळ 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला. आपल्या विदर्भापासून फार लांब नाही बाप्पा जबलपूर. तुम्हाला वाटतं सगळं तिकडूनच आलं.

तर काठी. क्लबानं एक जुनी स्टिक मोडीत काढली होती. वरचा अ‍ॅशचा शाफ्ट उत्तम, पण मूठ उभी तडकलेली. सेक्रेटरींना विचारून मी ती घेतली. बहात्तरच्या दुष्काळाच्या मागेपुढे कधीतरी सुट्टीत घेऊन निघालो. मूर्तिजापूरला उतरून शकुंतला रेल्वे धरली. पावणेपाच फुटांची अखंड काठी, बाकाखाली मावेना, दारात आडवी येई, आणि जो तो विचारी, हे काय आहे म्हणून. कारंजा येईपर्यंत निम्म्या डब्याला मी बिलियर्ड्स समजावून सांगितलं होतं. ती गाडी आता बंद आहे, रुळांवर गवत वाढलंय. तू लहान असताना तिला पाहून टाळ्या वाजवायचास, आठवतं का काही?

वडिलांनी बिलियर्डचं टेबल कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी काठी उजेडाकडे धरून एका डोळ्यानं पाहिली, ओट्यावर लाटून पाहिली. म्हणाले, ‘वरचं लाकूड सरळ आहे. मूठ बदलू.’ माळ्यावर टेंभुर्णीचा एक ओंडका होता. तेंदूपत्त्याचं झाड ते हेच, पण जुन्या झाडाचा गाभा काळाभोर निघतो. विलायती स्टिकना जे एबनी लावतात, त्याच कुळातलं लाकूड. मी लहानपणापासून तो ओंडका तिथेच पाहत होतो. कुणी मागितला की वडील म्हणायचे, अजून वाळला नाही. त्या दिवशी त्यांनी तो खाली घेतला.

शाफ्टच्या बुडाला चार अंगांनी उतरते सपाट काप दिले. एकेका कापावर टेंभुर्णीची फळी सरसानं चिकटवायची, सुतळीनं करकचून आवळायची, आणि ती पुरती धरल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. मग रंधा, मग कानस, मग फुटक्या काचेच्या कडेनं खरवडणं. मध्येच म्हणाले, ‘खेळून दाखव.’ मी ओट्यावर सतरंजी टाकली, लिंबं मांडली आणि मारून दाखवलं. ते लिंबांकडे बघतच नव्हते. माझ्या मागच्या हाताकडे बघत होते. ‘तुझी करंगळी मोकळी राहते,’ म्हणाले आणि काठी परत घेतली. थोडं खरवडायचं, मला द्यायची, माझं मनगट बघायचं, परत घ्यायची. आईनं जेवायला हाका मारल्या, पण ते उठले नाहीत. मी इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली वाढलो, पण त्यांनी माझा हात असा निरखून पाहिलेला मला दुसरा प्रसंग आठवत नाही. शेवटी जवसाचं तेल, तळहात तापेपर्यंत घासून. त्यानंतर क्लबातल्या भारी भारी स्टिका हातात आल्या, पण माझ्या करंगळीला ती एकच काठी ओळखते.

आता तुझं. पूलचा बॉल सव्वादोन इंचांचा, स्नूकरचा लहान, म्हणून तुमची स्टिक जाड. शाफ्ट मेपलचा, टिप पावणेतेरा-तेरा मिलिमीटर, आमची साडेनऊ-दहाची. वजन 18 ते 21 औंसांत ठेव. साइड, म्हणजे बाजूची फिरकी, देऊन मारलं की पांढरा बॉल रेषेबाहेर किती सरकतो, हे प्रत्येक शाफ्टचं वेगळं असतं, आणि ते कागदावर कळत नाही. त्याच स्टिकनं तासभर लांबचे शॉट मार. जोडावर हात ठेव, मारताना आत झिणझिण वाटली किंवा बुडातून आवाज आला तर ती परत दे. शाफ्ट सुटा करून टेबलावर लाट. टोक उडत असेल तर नक्षी कितीही सुंदर असो, घेऊ नकोस. नक्षी बॉलला लागत नाही.

विकायचा हिशेब मात्र वेगळा. तिथे आधी बघतात ते करणाऱ्याचं नाव. तू जॉर्ज बालाबुश्काचा व्हिडिओ पाठवलास, मग मी बरंच वाचून काढलं. रशियात जन्मला, लहानपणी अमेरिकेत आला, तोही लाकूडकाम करणाराच. 1959 पासून 1975 साली वारेपर्यंत त्यानं स्टिका केल्या. सुरुवातीला तर ब्रन्सविकच्या टायटलिस्ट नावाच्या साध्या स्टिका घेऊन त्यांवरच तो आपलं काम करी. हे वाचून मला फार बरं वाटलं. पुढे 1986 च्या ‘द कलर ऑफ मनी’ सिनेमानं त्याचं नाव घरोघरी नेलं, आणि गंमत बघ, पडद्यावर बालाबुश्का म्हणून दाखवलेली स्टिक जॉस कंपनीनं केलेली होती. नावाची ताकद अशी असते, म्हणून नावाला कागद हवा: करणाऱ्याची पावती, पत्र, जुने फोटो. मूळचे दोन्ही शाफ्ट सोबत हवेत. दुसऱ्या कुणी पॉलिश चढवलेलं नको आणि शाफ्ट घासून बारीक केलेला नको, त्यानं किंमत उतरते. मुठीत स्वतःचं नाव कोरून घेऊ नकोस, पुढच्या गिऱ्हाइकाला ते नको असतं. हस्तिदंताची नक्षी तर अजिबात नको. तुमच्या न्यू जर्सीनं 2014 साली कायदा करून त्याची विक्री बंद केली आहे. मग ती स्टिक विकणार कुणाला? शिसवाच्या सगळ्या जातीही 2017 पासून आंतरराष्ट्रीय कराराखाली आहेत, म्हणून तसली मूठ असेल तर देशाबाहेर विकण्याआधी कागदपत्रं विचारून घे.

मोठ्या कारागिराकडे वर्षानुवर्षं नंबर लागत नाही. मला विचारशील तर चांगल्या नावाची, साध्या मुठीची, वापरलेली स्टिक घे. नवीनची पहिली घसरण आधीच्या मालकानं सोसलेली असते. आणि थंडीत गाडीच्या डिकीत ठेवू नकोस. तिकडे रात्री गारठा आणि घरात हीटर, लाकूड वाकायला तेवढं पुरतं. आमच्याकडे मे महिन्यात काय होतं ते मला ठाऊक आहे. म्हणून आपली काठी मी उन्हाळाभर मधल्या खोलीत आडवी ठेवतो.

तिला बाजारात किंमत नाही. पणजोबांचं नाव कुठल्या पुस्तकात नाही, तिच्यावर सही नाही, आणि ती माझ्या मापाची आहे. तुझा हात माझ्याहून मोठा आहे, तरी दिवाळीला आलास की धरून बघ. येशील ना? दर वर्षी येतो म्हणतोस. तुझ्या आजीनं जवसाची चटणी करून ठेवते म्हटलंय. मराठी वाचता येतंय की नाही, तेही तेव्हा कळेलच.

येताना दहा मिलिमीटरच्या टिपा घेऊन ये, इथे मिळत नाहीत. आणि स्टिकला पैसे कमी पडले तर आईला सांगू नकोस, मला सांग.

तुझे,
आबा