तेवीस किलो

मंडळी, परदेशात नोकरी लागली की लोक व्हिसाचं विचारतात, पगाराचं विचारतात. "भंडाऱ्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंत जाणार कसा?" हे फक्त बाबांनी विचारलं!

२०१६ ची गोष्ट. कंपनीने मुंबई-शिकागो तिकीट काढलं होतं, त्यावर २३ किलोच्या दोन बॅगा. नागपूर-मुंबई विमान माझं मला बघायचं होतं आणि त्यात फक्त १५ किलो! म्हणजे सातासमुद्रापार ४६ किलो फुकट आणि नागपूरहून मुंबईला मात्र ३१ किलोचे जास्तीचे पैसे. (तुमच्यापैकी कोणी निघत असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर मागून घ्या. मला हे शहाणपण नंतर सुचलं.)

शेवटी विदर्भ एक्सप्रेस. सेकंड एसीत माणशी ५० किलो सामान चालतं. स्टेशनचं नाव भंडारा रोड, पण ते आहे वरठीला, गावापासून दहाएक किलोमीटर.

बॅगा धान्याच्या दुकानातल्या काट्यावर तोलल्या. पहिली २६ भरली. आईने काही न बोलता पितळी डबा बाहेर काढला. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव, आणि मी निघालो प्लास्टिकचे डबे घेऊन! असो.

वरठीपर्यंत बाबांनी ओळखीची काळीपिवळी सांगितली. गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हरकाकांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांनी माझ्या पासपोर्टच्या कव्हरात कोंबली.

"आता कशाला बाबा? पोचलो नं स्टेशनवर."

"जायची सोय झाली. येताना कोणाले फोन करशील?"

मला हसू आलं होतं.

२०१८ च्या जुलैत फोन आला. आईला ॲडमिट केलं होतं, भंडाऱ्यातच. तिकीट दहा मिनिटांत मिळालं. शिकागोहून मुंबई, मुंबईहून नागपूर. विमानतळावर उतरलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा, बाहेर धो धो पाऊस आणि भंडारा अजून साठ-पासष्ट किलोमीटर. चिठ्ठी काढून नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बाहेर ये. तुझ्या बाबानं सांगितलं होतं. आठ वाजतापासून उभा आहो."

आई आता बरी आहे. परत जाताना तो पितळी डबा घेऊन गेलो, बॅगेचं वजन केलंच नाही.

पासपोर्ट नवा झालाय. चिठ्ठी तीच आहे.