शब्द नसलेले दुखणे

भाषांतर करताना ‘मूत्रनियंत्रण’ हा शब्द मी सहज लिहिते; घरी मात्र त्याला शब्दच नसतो. माझ्या भाचीला अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात विकार आहे. कॉर्टिसॉल कमी पडते, पुरुषी संप्रेरके वाढतात. काही मुलींचा मूत्रमार्ग व योनिमार्ग एकाच छिद्राने बाहेर उघडतो. तान्हेपणीच तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. तिला जगवते ती मात्र रोजची गोळी. आता बारा वर्षांची झाली, तरी हसताना लघवी गळते. आजी त्याला आळस म्हणते. आळस कसला! अशा शस्त्रक्रियेनंतर काहींना हा त्रास होतो. कटितळाच्या स्नायूंच्या व्यायामाने पुष्कळदा उतार पडतो. जिवावर बेतले नसता आंतरलिंगी अर्भकांवर अशा शस्त्रक्रिया नकोत, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली तामिळनाडूपुरते बजावले. तोवर हिची होऊन गेली होती. परवा डॉक्टरांना तिने स्वतःच सारे सांगितले. मी बाहेर बाकावर बसले होते.