कुरकुर

विट्याहून खानापूरकडे जाताना रेणावीचा घाट लागतो. घाट फार मोठा नाही. तरीही गेली दोन वर्षे त्यात शिरताना स्टिअरिंगवरचे माझे हात नकळत घट्ट होतात. दोष घाटाचा नव्हे, माझा आहे.

आमच्याकडे एक जुनी, उंच, दणकट दिसणारी गाडी होती. वय सतरा वर्षे. या दुष्काळी मुलखातल्या वाड्यावस्त्यांवर जायचे तर अशीच गाडी हवी. आजारी माणसे, शाळेची मुले, धान्याची पोती, सारे तिने मुकाट्याने वाहिले. पुढे मात्र ती कुरकुरू लागली. ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकापाशी ‘टक्’ असा आवाज येई. खड्ड्यातून गेल्यावर ती बराच वेळ डोलत राही. टायर आतल्या कडेने झिजू लागला. मी सेवाकेंद्रात तक्रार केली. “जुन्या गाड्या आवाज करायच्याच, फादर,” असे हसून उत्तर मिळाले. खरे सांगायचे तर मला तेच उत्तर हवे होते.

विट्यातल्या मिस्त्रीने मात्र गाडी जॅकवर चढवली आणि चाक दोन्ही हातांनी हलवून दाखवले. “फादर, खालचा बॉल जॉइंट गेलाय. मागच्या पाट्याचं मोठं पान बी चिरलंय. माणसं घालून घाट उतरू नका.” बॉल जॉइंट म्हणजे चाक वळू देणारा आणि तरीही ते गाडीशी धरून ठेवणारा सांधा. तो निखळला की चाक आडवे होते आणि चालकाच्या हाती काही उरत नाही. वजन पेलतात ते पाटे. शॉकॲब्सॉर्बर हेलकावे आवरून चाक रस्त्याला टेकलेले ठेवतो. तो निकामी झाला की चांगले ब्रेक असूनही गाडी वेळेवर थांबत नाही, आणि उंच गाडी अचानक वळवली तर कलंडू शकते. मी सारे ऐकले, मान हलवली आणि खर्च पुढच्या महिन्यावर ढकलला.

त्याच आठवड्यात खानापूरच्या एका आजींना दवाखान्यात आणताना, घाट उतरता उतरता सांधा निखळला. वेग कमी होता म्हणून गाडी कडेच्या मातीत रुतून थांबली. आजींचे मनगट मोडले. त्या मलाच म्हणाल्या, “माझ्यापायी तुमच्या गाडीचं नुकसान झालं, फादर.”

अमेरिकेत राल्फ नेडर यांनी १९६५ साली आपल्या पुस्तकात कॉर्व्हेअर मोटारीच्या मागील सस्पेन्शनवर बोट ठेवले, आणि पुढच्याच वर्षी तेथे वाहनसुरक्षेचा कायदा झाला. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत मागवण्याची तरतूद आली. ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या तर सरकार तसा आदेश देऊ शकते. म्हणून तक्रार नोंदवणे हे रडगाणे नव्हे; त्यात शेजाऱ्याचेही रक्षण आहे. परंतु २०२१ चे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांपुरते आहेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतन करताना तपासणी होते, ती पुढे पाच वर्षांनीच. आमची गाडीही त्या तपासणीत उत्तीर्ण झालेली होती. मधल्या काळात जुन्या गाडीचा निरीक्षक तिचा मालकच असतो, आणि तो निरीक्षक झोपलेला होता.

महिन्याभराने मी आजींच्या घरी गेलो. इतरांना विवेक तपासायला सांगणारा मी. माझी जीभ जड झाली होती. “आजी, गाडी बिघडली आहे हे मला आधीच ठाऊक होते,” मी म्हणालो. त्या प्लास्टरमधल्या हाताकडे पाहत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “मग मला यष्टीनं यायला सांगायचं हुतं, फादर.”

ती गाडी मी विकली नाही. दुसऱ्याच्या गळ्यात ती मारणे बरे वाटेना. ती मोडीत गेली. आता आमच्याकडे दुसरी गाडी आहे. दर महिन्याला मिस्त्री ती जॅकवर चढवतो, आणि तो ‘नको’ म्हणाला तर आम्ही यष्टीने जातो.