मेणवलीचा तोतया

वाईहून मेणवलीस जाणारे लोक नाना फडणिसांचा वाडा पाहतात, कृष्णेचा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट पाहतात, १७३९ च्या वसईच्या मोहिमेंतून आलेली ती प्रचंड घंटा पाहतात आणि परततात. आम्हीही परतलोंच असतों. परंतु वाटेंत एका गोठ्यामागें शेणपाण्याचें डबकें साचलें होतें, व त्याच्या कडेच्या झेंडूवर मधमाश्यांसारखे कांहीं जीव घोंघावत होते. बरोबरच्या मुलानें वहाण उगारली. ती आम्हीं धरली.

ह्या मधमाश्या नव्हेत. मधमाशीस पंख चार, हिला दोनच, स्पर्शिका आंखूड, नांगी मुळींच नाहीं. शिवाय ही हवेंत एका जागीं टांगल्यासारखी स्थिर राहते. जवळून पाहिल्यास डोळ्यांवर बारीक ठिपके दिसतात. हिच्या कांहीं भावंडांच्या डोळ्यांवर पट्टे असतात. ह्या वंशास शास्त्रज्ञ एरिस्टॅलिनस म्हणतात. आफ्रिका, युरोप, आशिया, ऑस्ट्रेलिया येथपर्यंत त्याचा विस्तार आहे. १७७६ सालीं भाऊसाहेबांच्या तोतयास नानांच्या कारभारांत देहान्त शासन झालें. त्यांच्याच गांवीं हा दुसरा तोतया मधमाशीचा वेष घेऊन निर्धास्त हिंडतो, आणि पक्षीही फसतात!

मात्र ह्याचें माहेर तें डबकें. अळीस दुर्बिणीच्या नळीसारखी लांबणारी शेपटी असते. तिचें टोंक पाण्याबाहेर ठेवून ती श्वास घेते, आणि स्वतः तळच्या गाळांत राहून कुजक्या पाण्यांतील सूक्ष्म जंतु गाळून खाते. जेथें प्राणवायु जवळजवळ नाहीं तेथें तिचें सुखानें चालतें. पुढें ती कोरड्या मातींत येऊन कोश करते, व त्यांतून निघालेली माशी फुलांफुलांवर पराग वाहते.

गोठ्याचा धनी डबक्यांत ट्रॅक्टरचें जळकें तेल ओतण्याच्या तयारींत होता. आम्हीं त्यास अळ्या दाखविल्या.

“गुरुजी, ह्यांच्यासाठीं डास पाळायचे का?” तो म्हणाला. “नातवाला दोनदां ताप आला.”

ह्यास उत्तर नव्हतें. घराला लागून असें पाणी असूंच नये. पण तेलानें डासांबरोबर ह्याही मरतील, आणि तेल पावसाबरोबर कृष्णेंत जाईल, एवढें आम्हीं सांगितलें. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग तेलाचा डबा बाजूस ठेवून त्यानें कुदळ मागविली आणि गोठ्याचें पाणी शेताच्या टोंकाच्या उकिरड्याकडे नेण्यास चर खणूं लागला.